साडेसहाशेचा काटा आणि ‘एकास पाच’ची भानगड

पाचपैकी साडेतीन. चार देणार होते, पण परवा ऐन मसाला मोजताना काटा दोनदा आपोआप बंद पडला, म्हणून अर्धा कापला.

मी आचऱ्याला राहते. घरून वड्याचं पीठ, मालवणी मसाला, कोकमाचं आगळ आणि सिरप विकते. मोठा कारखाना वगैरे काही नाही. मागच्या पडवीत दोन टेबलं, चार पिंपं, मी आणि मदतीला येणाऱ्या दोघीजणी. दहावीला गणितात काठावर पास झाले आणि त्यानंतर गणिताचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं होतं. ६४९ रुपयांच्या या काट्याने ते परत घरात आणलं. त्यामुळे हे परीक्षण अर्धं काट्याचं आहे, अर्धं गुणोत्तराचं. फक्त काट्याबद्दल वाचायचं असेल त्यांनी मधलं सोडून थेट शेवटाकडे जावं.

वस्तू अशी आहे: पांढरं प्लास्टिक, वर ताटलीएवढा गोल, पुढे छोटा पडदा, दोन बटणं, खाली दोन पेन्सिल सेल. १० किलोपर्यंत वजन घेतो, १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. एक बटण चालू-बंद आणि शून्य करायचं, दुसरं ग्रॅम, औंस, मिली असं फिरणारं. सेल सोबत आले होते, ते पंधरा दिवसांत संपले. नवे घातले ते चार महिने चाललेत. पुठ्ठ्याच्या खोक्यावर नाव आहे ते मी पूर्वी कधी ऐकलेलं नाही आणि असेच काटे वेगवेगळ्या नावांनी मिळतात, त्यामुळे नावात काही अर्थ नाही.

आता हा घ्यायची वेळ का आली ते.

आमच्या घरचं वड्याचं प्रमाण सासूबाईंचं. चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी गहू, वर चमचाभर मेथी, दोन चमचे धणे, थोडी बडीशेप. वर्षानुवर्षं हेच. दोन वर्षांपूर्वी एकीने बारशाला पीठ मागितलं, नेहमीपेक्षा जरा जास्त. मी म्हटलं, त्यात काय, थोडं वाढवू. तांदूळ एक वाटी वाढवला, डाळ एक वाटी वाढवली. दोघांना सारखंच दिलं, कुणावर अन्याय नको! वडे तेलात टम्म फुगले, ताटात येईपर्यंत बसले, आणि हातात घेतले की ओल्या पोळीसारखे लोंबायला लागले. बारशाच्या घरच्या बाईने तोंडावर काही म्हटलं नाही. पण परत ऑर्डरही दिली नाही.

मी डाळीला दोष दिला, गिरणीला दिला, तेलाच्या तापमानाला दिला. माझी लेक तेव्हा नववीत होती. नववीच्या पुस्तकात ‘गुणोत्तर व प्रमाण’ असा अख्खा धडाच आहे. ती म्हणाली, “आई, तू चारास एकचं पाचास दोन केलंस.” मी म्हटलं, एकेकच तर वाढवली. मग तिने वहीच्या मागच्या पानावर दाखवलं. आधी तांदूळ-डाळ मिळून पाच वाट्यांत डाळ एक, म्हणजे शेकडा २०. नंतर सात वाट्यांत डाळ दोन, म्हणजे शेकडा साडेअठ्ठावीसच्या वर. तांदळाच्या चार वाट्यांत एक टाकली तर त्याला ती जाणवतही नाही, पण डाळीच्या एका वाटीत एक टाकली की डाळ दुप्पट होते. सारखं दिलं म्हणून सारखं वाढलं असं होत नाही. दोन्हींना एकाच आकड्याने गुणलं असतं, दीडपट तर दीडपट, तर सहास दीड झालं असतं आणि वडे वड्यांसारखे राहिले असते.

हे वाचून काही जण हसतील. हसा. पण तुमच्या आसपास विचारून बघा, निम्म्या बायका आणि त्याहून जास्त गवंडी असंच वाढवतात.

काटा आला त्या दिवशी सासूबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “ह्यो कित्याक? मासळी इकूची आसा काय?” मी म्हटलं, पीठ मोजायला. “माझो हात काय मेलो?” त्यांचं म्हणणं मी सोडून देणार नाही, कारण त्यात मुद्दा आहे. त्या तांदूळही मुठीने घेतात, डाळही मुठीने, मीठही मुठीने. मूठ किती ग्रॅमची हा प्रश्नच त्यांना पडत नाही, आणि पडायचं कारणही नाही. चार मुठी आणि एक मूठ, दोन्हीकडे तीच मूठ असेल तर ती वरखाली कटून जाते आणि चारास एक उरतं. लेकीच्या भाषेत, गुणोत्तराला एकक नसतं. सासूबाईंच्या लहानपणी घरात चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी मापं होती, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. चार पायल्या तांदळाला एक पायली डाळ किंवा चार चिपट्यांना एक चिपटं, पीठ तेच. घोटाळा कधी होतो? तांदूळ त्यांनी घेतला आणि डाळ मी घातली की. दोन मुठी, दोन मापं.

तरी मी त्यांची मूठ काट्यावर घेतलीच. मिठाची तीनदा घेतली: २४, ३१, २७. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “काटो चुकता.”

तर वाटीवरून ग्रॅमवर यायचं म्हणून मी एक दिवस बसून सगळं मोजलं. माझ्या वाटीत पाणी २०० ग्रॅम मावतं, म्हणजे वाटी २०० मिलीची. तीच वाटी तांदळाची भरली तर १६८, उडदाच्या डाळीची १७२, धण्यांची जेमतेम ६५. तांदूळ आणि डाळ वजनाला जवळजवळ सारखे, त्यामुळे वाटीचं चारास एक काट्यावरही चारास एकच राहतं. ६७२ ला १७२. एवढ्या फरकाने वड्याचं काही बिघडत नाही.

मेथीला मात्र त्रैराशिक लागलं. आमचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणतात, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांना गुणोत्तर हा शब्द आवडत नाही, ते त्रैराशिकच म्हणतात. प्रमाण, फल, इच्छा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली ती ११५० साली, त्यात हेच तीन शब्द आहेत, आणि त्याच्याही साडेसहाशे वर्षं आधी आर्यभटाकडे आहेत, हे आबा काट्याच्या शेजारी खुर्ची टाकून सांगतात, कुणी विचारलेलं नसलं तरी. ६७२ ग्रॅम तांदळाला मेथी ५ ग्रॅम. ६७२ हे प्रमाण, ५ हे फल. मला तांदूळ घ्यायचाय १६ किलो, म्हणजे १६००० ग्रॅम, ही इच्छा. इच्छेला फलाने गुणा, प्रमाणाने भागा. ८०००० भागिले ६७२, म्हणजे ११९ ग्रॅम. मी आधी चमच्याने घालायचे, चोवीस चमचे मोजता मोजता कुणीतरी हाक मारायचं आणि सतरावा की अठरावा ते विसरायला व्हायचं. आता ११९ ग्रॅम एकदम. काट्याचा हा सगळ्यात मोठा फायदा, आणि यासाठी पूर्ण दोन तारे.

तो १६ किलो तांदूळ कसा आला तेही सांगते, गंमत आहे. लग्नघरातून २० किलो पिठाची मागणी होती. चार, एक, अर्धा याला दुप्पट केलं की आठ, दोन, एक होतं, अपूर्णांक जातो. एकूण भाग अकरा. २० ला ११ ने भाग गेला नाही, तांदूळ १४ किलो ५४५ ग्रॅम असलं काहीतरी यायला लागलं. मी सरळ २२ किलोचं केलं: १६, ४ आणि २. दोन किलो घरात ठेवलं, श्रावणात संपलं.

एवढ्यावर माझी भीड चेपली आणि मी मोदकांत तोंडघशी पडले.

उकडीच्या मोदकांना पाणी आणि पिठी वाटीला वाटी. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. गणपतीच्या दिवशी मोदक जास्त करायचे होते, मी मोठ्या ऐटीत काट्यावर पिठी घेतली ५०० ग्रॅम आणि पाणी घेतलं ५०० ग्रॅम. एकास एक. उकड काढली तर कोरडी ठक्क, भेगा पडलेल्या, पारी वळेना. एकवीस मोदकांतले नऊ कळ्या पाडतानाच फुटले. भटजी आलेले, आरती व्हायची, आणि मी परातीत पाण्याचे हबके मारतेय.

नंतर पिठीची वाटी मोजली. १२० ग्रॅम. तीच वाटी पाण्याची २००. म्हणजे वाटीचं एकास एक काट्यावर १२० ला २०० होतं, ४० ने भागलं की तीनास पाच. ५०० ग्रॅम पिठीला ८३३ ग्रॅम पाणी हवं होतं, मी ३३३ ग्रॅम कमी घातलं. पिठी मऊ आणि फुलकी, तिच्यात हवाच जास्त, तांदूळ ठासून बसतो. तांदूळ-डाळीच्या बाबतीत वाटी आणि काटा भांडले नाहीत म्हणून मी समजले कुठेच भांडणार नाहीत. आता घरातल्या प्रत्येक प्रमाणापुढे मी पेन्सिलने ‘वा’ किंवा ‘व’ लिहिलंय, वाटीचं की वजनाचं. कुणाकडूनही पाककृती घेताना पहिला प्रश्न हाच विचारते. बहुतेकांना तो विचित्र वाटतो.

सिरपची गोष्ट वेगळी, तिथे चूक माझी नव्हती, पण फटका मला बसला.

आमचं कोकम सिरप सालींच्या दुप्पट साखर घालून, बरणीत थर देऊन, उन्हात मुरवलेलं. बाटली ७५० मिलीची. चिकटपट्टीवर छापून घेतलंय: ‘एकास पाच पाणी’. तारकर्लीकडे पाहुण्यांना घर देणारे एकजण महिन्याला बारा बाटल्या नेतात. त्यांचा फोन आला. “वहिनी, बाटलीत १८ ग्लास होतात म्हणालात, आमचे १५च होतात. बाटली कमी भरताय काय?” मला घाम फुटला. सगळ्या बाटल्या मोजल्या, बरोबर होत्या. मग त्यांनाच विचारलं, ग्लासात किती घालता? म्हणाले, “एकास पाच ना? पाचवा हिस्सा घालतो.”

इथे मराठी भाषाच आपल्या मदतीला येते, पण आपण ती नीट ऐकत नाही. ‘एकास पाच’ म्हणजे सिरपच्या एका भागाला पाण्याचे पाच भाग, सगळे मिळून सहा. ‘पाचात एक’ म्हणजे सगळे मिळून पाच आणि त्यातलाच एक सिरपचा. आबांनी त्यांना फोनवर समजावलं ते असं: पांडवांत भीम पाचांतला एक, पण भीमाला भाऊ चारच. भावांची संख्या सांगताना भीमाला मोजत नाहीत. एकास पाचमधला एक हा भीम, आणि पाच हे भाऊ. (त्यांचं महाभारत जरा ताणलं गेलं, पण समोरच्याला पटलं.)

हिशेब केला तर २४० मिलीच्या ग्लासात सिरप ४० मिली हवं. ते घालत होते ४८. आठ मिली म्हणजे दीड चमचा, कुणाला कळणारही नाही, सरबत जरा गोड लागेल एवढंच. पण शंभर ग्लासांमागे ८०० मिली जातं. एक आख्खी बाटली आणि वर थोडं. त्यांचा संशय खरा होता, बाटली कमीच पडत होती, फक्त ती माझ्या पडवीत कमी होत नव्हती. मी आता चिकटपट्टी बदललीय: ‘१ वाटी सिरप, ५ वाट्या पाणी, ६ वाट्या सरबत’. छापणाऱ्याने विचारलं एवढं कशाला लिहिता. म्हटलं, छाप तू.

याच सिरपने काट्याचं सगळ्यात खोटं बटण उघडं पाडलं. मिलीचं बटण. ते दाबलं की पडद्यावर ग्रॅमच्या जागी मिली येतं आणि माणसाला वाटतं, वा, आता द्रव पदार्थही मोजता येतील. औषधाच्या बाटलीवरच्या मापाने मी १०० मिली सिरप काट्यावर ओतलं, मिलीचं बटण दाबलं, तर आकडा १३१. काट्याला बिचाऱ्याला कळतं ते फक्त वजन. तो ग्रॅमचाच आकडा मिली म्हणून दाखवतो, म्हणजे भांड्यात पाणीच आहे असं धरून चालतो. साखरेचं दाट सिरप पाण्यापेक्षा जड, तेल पाण्यापेक्षा हलकं. याच्या भरवशावर कुणी ४० ‘मिली’ सिरप घेतलं तर ग्लासात खरं ३० मिलीच पडेल आणि सरबत पांचट होईल. पाणी सोडून कशालाही हे बटण वापरू नका. दुधाला चालून जाईल.

आता काटा खरा की खोटा. बाजारातल्या आमच्या वाण्याकडे शिक्क्याची वजनं आहेत, त्यांनी दुपारच्या निवांत वेळी मोजू दिली. १ किलोचं वजन याने ९९८ दाखवलं. २ किलोचं १९९६. ५ किलोचं ४९९०. वाणी म्हणाले, “दहा ग्रॅम खातोय, परत करा.” मी पण तेच ठरवून घरी आले. पण आकडे कागदावर लिहिल्यावर लेकीने अडवलं. हजाराला दोन, दोन हजारांना चार, पाच हजारांना दहा. हा खोटं बोलतोय, पण एकाच पट्टीत बोलतोय. तांदळाशी जितकं खोटं, डाळीशी तितकंच पटीने खोटं. चारास एक मोजलं तर दोन्ही बाजूंना तीच पट लागते आणि सासूबाईंच्या मुठीसारखी ती कटून जाते. पिठाचं एकूण वजन हजाराला दोन ग्रॅम चुकेल, पण वडा बिघडणार नाही. मी काटा ठेवून घेतला.

मात्र याचा दुसरा एक खोटेपणा आहे, तो मला माफ करता येत नाही. भांडं ठेवून शून्य केलं, फोन वाजला, दहा मिनिटांनी तांदूळ घालायला गेलं (मधे एखादं बटण दाबून त्याला जागं ठेवलं असेल तर) तर रिकाम्या भांड्यावरच ५-६ ग्रॅम दिसतात. गॅसच्या शेजारी ठेवला तर जास्तच. ही चूक पटीची नाही, बेरजेची आहे. तांदळाच्या ६७२ मध्ये सहा गेले काय आले काय. पण मेथीच्या पाचात सहा आधीच दिसले तर मेथी पडतच नाही, आणि बिनमेथीचे वडे खाऊन बघा मग. बारशाच्या पिठात मी जे केलं होतं, तेच हा काटा गुपचूप करतो. म्हणून प्रत्येक जिन्नस घालायच्या आधी पुन्हा शून्य करा. न चुकता.

बारीक वजनांचं तर याच्याकडे सांगूच नका. एका ग्रॅमचा टप्पा म्हणजे पाच ग्रॅम मेथीत एक ग्रॅम इकडेतिकडे, पाचात एक, शेकडा वीस. पाचशे ग्रॅम मिरचीत तोच एक ग्रॅम, कुणी विचारत नाही. त्यातून चिमूट चिमूट टाकत गेलं तर आकडा हलतच नाही. हिंग टाकतेय, टाकतेय, शून्यच. मग एकदम चार. मी यावर तोडगा काढलाय तो पुन्हा त्रैराशिकाचाच: मेथीचे दहा सपाट चमचे एकदम मोजले, ५० भरले, म्हणजे चमच्याला पाच. तिथून पुढे थोड्या पिठाला मेथी चमच्यानेच. हिंगाचंही तसंच. सराफाकडे असतो तसला बारीक काटा वेगळा मिळतो, पण त्यावर पीठ मोजता येणार नाही.

बाकी तक्रारी भरभर सांगते. दोन मिनिटं हात लावला नाही की बंद, आणि बंद झाला की शून्य केलेलं भांड्याचं वजन विसरतो. भांड्याचं वजन १० किलोत धरलेलं असतं, म्हणजे दीड किलोचं पातेलं ठेवलं तर आत साडेआठच मावतं, हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. एकक बदलायचं बटण इतकं हलकं आहे की भाच्याने हात लावला आणि अर्धा मसाला ग्रॅममध्ये, अर्धा औंसात झाला. एका औंसात सव्वाअठ्ठावीस ग्रॅमच्या वर बसतात, त्यामुळे त्या घाण्याचं काय झालं ते विचारू नका. सगळाच औंसात मोजला असता तर प्रमाण तरी शाबूत राहिलं असतं. पावसाळ्यात खाऱ्या हवेने सेलच्या पट्ट्यांवर हिरवा गंज धरतो, जुन्या टूथब्रशने पुसावा लागतो. रात्री मी तो तांदळाच्या डब्यात ठेवते, सुका राहतो.

एक महत्त्वाची सूचना, विशेषतः ज्यांच्या सुपारीच्या बागा आहेत त्यांच्यासाठी. आबांनी हा काटा पाहिल्यावर त्यांच्या डोळ्यांत चमक आली. पावसाच्या तोंडावर सुपारीवर कोळेरोगासाठी (त्यात सुपाऱ्या कुजून गळतात) बोर्डो हे बुरशीनाशक फवारतात. एक टक्क्याचं मिश्रण, १ किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. एकास एक शंभर. पाठीवरच्या पंपाला, १५ लिटरच्या, दोन्ही १५०-१५० ग्रॅम बसतात. इतकी वर्षं ते अंदाजपंचे घालायचे आणि कोयत्याचं पातं बुडवून बघायचे: पात्यावर तांबूस झाक आली की चुना कमी आहे, अजून घाला. म्हणजे प्रमाण चुकलेलं असायचंच, पातं ते सांगायचं. आबा काटा उचलून मागीलदारी निघाले होते. मी दारात आडवी झाले. मोरचूद विष आहे, तो ज्या काट्यावर चढला तो परत माझ्या पिठाजवळ येणार नाही. त्यांना दुसरा आणून दिला, तोच, ६४९चा, त्यावर लाल रंगाने ‘बाग’ असं लिहिलंय. या वर्षी पातं पहिल्याच वेळी पांढरं निघालं म्हणून आबा चार दिवस शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते.

आणि धंदा करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा की हा घरगुती काटा आहे, याच्यावर वजनमापं खात्याचा शिक्का नसतो. याच्यावर मोजून माल विकायचा नाही, कायद्याने शिक्का मारलेलाच काटा लागतो. मी आतली प्रमाणं याच्यावर जुळवते आणि विक्रीची पाकिटं शिक्क्याच्या काट्यावर भरते. शिवाय तो हजाराला दोन ग्रॅम कमी दाखवतो ते माहीत असताना त्याच्यावर पाकीट भरणं हे मनालाही पटत नाही, जरी त्यात नुकसान माझंच झालं असतं.

कुणी घ्यावा? पीठ, मसाला, लाडू, लोणचं असं किलोकिलोने करणाऱ्यांनी जरूर. चार माणसांच्या रोजच्या स्वयंपाकाला काही गरज नाही, तिथे वाटी आणि मूठ पुरते. मुलं सहावी ते नववीत असतील तर त्यांच्या हातात द्या, पण सेल जास्तीचे आणून ठेवा, कारण ती घरातल्या सगळ्या वस्तूंचं वजन करतात. आमच्या मांजराचं ३ किलो ४१० आहे.

गणपतीच्या आधी बरेच जण मोदकांसाठीच हा काटा घेतील, तर त्यांच्यासाठी: वजनाने तीनास पाच, म्हणजे ३०० ग्रॅम पिठीला ५०० ग्रॅम पाणी, त्यात मीठ आणि तूप नेहमीप्रमाणे. पण पिठी नव्या तांदळाची आणि जुन्या तांदळाची सारखं पाणी पीत नाही, आणि तुमची वाटी माझ्यापेक्षा दाबून भरलेली असू शकते. आदल्या दिवशी तुमची वाटी एकदा मोजून घ्या, आणि उकड काढताना शेगडीवर वाटीभर गरम पाणी वेगळं ठेवा.